भिशी, बारा जीबी आणि पंख्याची टरटर

२९ मार्च २०२५ ची रात्र. दुसऱ्या दिवशी पाडवा आणि आमच्या ऑफिसात मार्च एंडिंग. मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात जीएसटी-टीडीएसची रिटर्नं भरते, त्यामुळे मार्चमध्ये खेळायला बसणं म्हणजे चैनच. तरी त्या रात्री श्रीखंडासाठी चक्का टांगला, ओटा पुसला आणि साडेदहाला पीसी चालू केला. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये रॉटरडॅमहून प्रागला माल पोचवायचा होता. ट्रक चालवता चालवता मी मराठीत बडबडत असते आणि ते सगळं ओबीएस या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करते. बाबा एसटीत चालक होते, खोपट डेपोला. त्यांचे घाटातले किस्से त्या बडबडीत येतात. दीड तास चालवलं आणि छान चालवलं असं मला वाटलं.

पाडव्याला जेवणं झाल्यावर रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. खेळताना ठीकठाक वाटलेली गाडी व्हिडिओत दर दोन-तीन सेकंदांनी अडखळत होती. माझा आवाज सरळ पुढे चाललाय आणि ट्रक जागच्या जागी थबकून एकदम उडी मारतोय. बाबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "क्लच सोडताना गचका देतेस तू. अर्धा सोडायचा, मग जरा थांबायचं."

क्लचचा काही दोष नव्हता. पण तिथून जे सुरू झालं ते २६ जुलैला संपलं. मध्ये एक भिशी, मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजाराच्या, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या, दोन वाऱ्या आणि तुर्भ्याच्या दोन खेपा झाल्या. ग्राफिक कार्ड, म्हणजे पीसीतला चित्र रंगवणारा भाग, बदलायचं मनात आहे पण घरात विचारायला कोणी नाही, अशांना उपयोग होईल म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

माझा पीसी २०२० च्या अखेरीस असेंबल करून घेतलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० हे चार जीबीचं कार्ड आणि ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा, फुल एचडी मॉनिटर. तेव्हा कार्डांचे भाव असे चढलेले होते की हे मिळालं तेच खूप झालं.

एप्रिलभर मी एक पैसाही खर्च केला नाही, फक्त मोजमाप केलं. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे. ती उघडी ठेवून रेकॉर्डिंग करा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. दोन ओळी बघायच्या. एकीत रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) मोजतात, दुसरीत एन्कोडिंग लॅगमुळे गळालेल्या. दोन्हींची कारणं वेगळी. दुसरा आकडा वाढत असेल तर व्हिडिओ दाबून साठवणारा भाग, म्हणजे एन्कोडर, दमतोय. पहिला वाढत असेल तर कार्ड खेळातच इतकं गुंतलंय की ओबीएसला पडद्याचं चित्र उचलायला सवड मिळत नाही. माझा पहिला आकडा अकरा टक्क्यांवर होता, दुसरा शून्य. म्हणजे एन्कोडर निवांत बसलेला आणि बाकीचं कार्ड शंभर टक्के जुंपलेलं.

यावर फुकटातले दोन उपाय आहेत, ते आधी करा. खेळाची फ्रेम मर्यादा सेकंदाला ६० वर बांधायची, म्हणजे कार्डाला थोडा श्वास मिळतो. आणि ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचं, मग विंडोज कार्डाचा थोडा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवतं. एवढ्यानं माझे अकरा टक्के चारावर आले. तुमचं तेवढ्यात भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही, पैसे वाचले.

माझं भागलं नाही, कारण या खेळात तारा, कठडे, खांब लांबून चमचमतात. ते घालवायचं तर 'स्केलिंग', म्हणजे चित्र पडद्यापेक्षा मोठं रंगवून मग लहान करणं, २०० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं आणि १६५० तिथे मान टाकतं. ही चमचम नुसती डोळ्यांना खुपते असं नाही. व्हिडिओ दाबताना एन्कोडरचे सगळे बिट त्या थरथरणाऱ्या रेघांवरच उडतात आणि बाकीचं चित्र, विशेषतः अंधारातला बोगदा, चौकोन चौकोन होऊन फाटतं. त्यात साध्या १६५० मधला एन्कोडर आधीच्या पिढीचा आहे. 'सुपर' शब्द लागलेल्या १६५० मध्ये सुधारलेला आहे, साध्यात नाही. हे मला पाच वर्षांनी कळलं.

अजून एक गोष्ट एप्रिलमध्येच कळली, ती जिव्हारी लागली. मोठ्या शहरात शिरलं की फ्रेम पन्नासच्या खाली घसरायच्या, आणि तेव्हा कार्ड मात्र साठ टक्क्यांवर आरामात. याचा अर्थ तिथे प्रोसेसर अडतोय. हा खेळ मुळात २०१२ चा, प्रोसेसरच्या एकाच कोअरवर भार टाकणारा. तिथे लाखाचं कार्ड लावलं तरी फरक पडणार नाही. हे आधीच वहीत लिहून ठेवलं, म्हणजे नंतर कार्डाला शिव्या द्यायला नकोत.

मेमध्ये भिशी लागली. दहा जणी, तीन-तीन हजार, म्हणजे ३०,००० रुपये. जाऊबाईंनी विचारलं काय घेणार, तर मी म्हटलं पीसीचा पार्ट. त्या म्हणाल्या, "बिघडला का गं?" मी हो म्हटलं. काही गोष्टी समजावत बसू नयेत.

आता निवड. माझा भाचा डोंबिवलीला असतो, इंजिनिअरिंगला आहे, आणि ग्राफिक कार्ड या विषयावर तो जेवण विसरून बोलू शकतो. १९ मेला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० बाजारात आलं, त्याच संध्याकाळी त्याचा फोन. "मावशी, हेच घे. डोळे मिटून घे." अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर. इथे कर आणि बाकीचं सगळं धरून मला ३१,५०० चा भाव मिळाला. ताकदीत ते माझ्या बजेटमधल्या बाकी सगळ्यांच्या पुढे होतं, हे मान्य. पण त्याची मेमरी आठ जीबी आणि मदरबोर्डवरच्या स्लॉटशी, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेशी, बोलायला त्याला लेन (माल ने-आण करायच्या वाटा) फक्त आठ. नव्या मदरबोर्डवर हे खुपत नाही. माझा बी४५० मात्र पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचा. तिथे आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम आठ जीबी माल जातो.

भाच्याला मी हे घोडबंदर रोडवरून समजावलं. कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे घरातलं कोठार. हवं ते घरात असेपर्यंत बाहेरचा रस्ता अरुंद आहे की रुंद याची फिकीर नाही. कोठार भरलं आणि एकेक वस्तू बाहेरच्या गोदामातून आणायची वेळ आली, की मग संध्याकाळी सातला माजिवड्याहून घोडबंदरला निघाल्यासारखं होतं. खेळ अधिक ओबीएस अधिक ब्राउझर असं सगळं एकदम उघडं ठेवणाऱ्या माझ्यासारखीचं आठ जीबी कोठार कधी ना कधी भरणारच.

एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ५ जूनला आलं. सोळा जीबी, लेनही सोळा. आमच्या जुन्या बोर्डांना ते सगळ्यात शोभणारं. एएमडीचा एन्कोडर पूर्वी रेकॉर्डिंगला कच्चा मानायचे, तेही या पिढीत बरंच सुधारलंय. पण मला ३८,००० सांगितले. भिशी एकच लागली होती. इंटेलचं बी५८० बारा जीबीचं आणि स्वस्त, पण जुन्या प्रोसेसरसोबत ते ढेपाळतं हे जानेवारीपासून सगळीकडे गाजत होतं आणि माझा ३६०० त्या जुन्यांतलाच.

राहिलं आरटीएक्स ३०६०. फेब्रुवारी २०२१ चं. बारा जीबी, सोळा लेन, १७० वॉट. नवं, तीन वर्षांच्या वॉरंटीसह अजून मिळत होतं.

"मावशी, २०२१ चं कार्ड २०२५ मध्ये? सिरियसली? एव्ही१ एन्कोडिंग नाही त्यात. फ्रेम जनरेशन नाही."

हे दोन्ही खरं आहे. एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतीत कमी जागेत चांगला व्हिडिओ मावतो, लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. मी लाइव्ह जात नाही. डिस्कवर भरपूर जागा देऊन साठवते, मग कापते आणि चढवते, आणि चढवल्यावर यूट्यूब स्वतः सगळं नव्यानं दाबतंच. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कार्डानं स्वतः बनवलेल्या जादा फ्रेम, त्याचं म्हणाल तर माझा मॉनिटर ७५ चा आणि रेकॉर्डिंग ६० चं. जास्तीच्या फ्रेम मी ठेवू कुठे? एनव्हिडियाच्या डीएलएसएसमधलं चित्र मोठं करण्याचं तंत्र ३०६० लाही मिळतंच. उद्या तुमच्याकडे बी५५० किंवा त्यापुढचा बोर्ड असेल, १४४ चा मॉनिटर असेल, तर भाच्याचं ऐका. माझ्या डब्यात जे आहे त्याला हे कार्ड योग्य, एवढंच मी म्हणतेय. भाचा दोन दिवस बोलला नाही.

३१ मेला टीडीएसची रिटर्नं गेली. त्या वर्षी आयकराची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, त्यामुळे जूनमध्ये जरा मान वर करायला मिळाली. त्या रविवारी कॅबिनेट उघडलं आणि शिवणकामाच्या टेपनं माप घेतलं. स्लॉटच्या पट्टीपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या कप्प्यापर्यंत २६ सेंटिमीटर. म्हणजे तीन पंख्यांची लांबलचक कार्डं बाद, दोन पंख्यांचंच बसणार. दुकानात हे माप विचारत नाहीत, तुम्हीच सांगायचं असतं.

मग एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा. माझ्या जुन्या १६५० ला वेगळी वायरच नव्हती, स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मिळतात तेवढ्यावर ते चालायचं. ३०६० ला आठ पिनची वायर लागते. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं, म्हणून मी खूश होते. टॉर्च मारून खालचं बारीक कोष्टक वाचलं तर १२ व्होल्टखाली २५ अँपिअर. बारा गुणिले पंचवीस, ३००. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते या १२ व्होल्टच्या पंगतीतच. सीटीसी साडेचार लाख आणि हातात तीन, हा प्रकार मी रोज बघते, पण एसएमपीएसकडून ही अपेक्षा नव्हती. १७० कार्डाचे, प्रोसेसरचे नव्वदच्या घरात, बाकी किरकोळ. तीनशेत हे काठोकाठ झालं असतं, शिवाय पाच वर्षांचा जुना. त्यामुळे ५५० वॉटचा नवा एसएमपीएस यादीत आला, आणि ३०,००० मधले साडेचार हजार तिथे बाजूला पडले.

मधेच एक मोह झाला. ऐरोलीला एक जण वापरलेलं ३०६० सोळा हजारांना देत होता. ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं पोचले. सोसायटीच्या गेटवरच तो कार्ड पिशवीत घेऊन उभा. चालवून दाखव म्हटलं तर मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बिल नाही, आणि सीरियल नंबरच्या स्टिकरच्या जागी नुसता डिंकाचा डाग. तो नंबर गेला की वॉरंटीही गेली. कदाचित कार्ड चांगलंही असेल. मी परतीची लोकल पकडली.

ठाण्यात स्टेशनजवळ आणि गोखले रोडच्या बाजूला तीन दुकानांत भाव काढले. एकानं विचारलं, "मुलासाठी का, मॅडम?" मी नाही म्हटल्यावर तो कॉम्प्युटरकडे वळून भाव बघू लागला. सगळ्यांत कमी २६,२००. दुसऱ्या दुकानात एकदम २१,५०० सांगितले आणि मी जवळजवळ फसले. खोका हातात घेतला तेव्हा कोपऱ्यात '८ जीबी' दिसलं. ३०६० चं आठ जीबीचंही एक रूप आहे, २०२२ च्या अखेरीस आलेलं. नाव तेच, पण मेमरीचा रस्ता १९२ ऐवजी १२८ बिटचा, त्यामुळे बरंच हळू. फोनवर भाव विचारताना 'बारा जीबी' हे दोन शब्द दरवेळी उच्चारा.

शनिवार, १४ जून. लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची स्लो धरून ग्रँट रोड. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच गेले, अकराच्या सुमारास, पाऊस थोडा थांबलेला. एक-दीड तासात माझ्याकडे सहा व्हिजिटिंग कार्डं जमली, प्रत्येकाच्या पाठीमागे पेननं लिहिलेला आकडा. शेवटी एका चिंचोळ्या दुकानात २४,५०० ला ठरलं. एसएमपीएस ४,४००.

"बिल पाहिजे का, मॅडम? बिलाशिवाय बघतो अजून काहीतरी."

दिवसभर मी दुसऱ्यांची बिलं जुळवते. हसू आवरून पक्कं बिल मागितलं. करपात्र रक्कम २०,७६२.७१, केंद्राचे नऊ टक्के १,८६८.६४, राज्याचे तेवढेच, राउंड ऑफ एक पैसा. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. तो नसेल तर नंतर सर्व्हिस सेंटरला तुमचं बिल आणि तुमचं कार्ड यांचं नातं सिद्ध करत बसावं लागतं. क्रेडिट कार्डाला दोन टक्के वर मागितले, म्हणून यूपीआय केलं. बिलाच्या मागे शिक्का होता, सात दिवसांत दुकानात बदली, नंतर कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

कार्ड दुकानातच लावून दाखवलं. डिस्प्ले आला, नाव आलं, बारा जीबी दिसले. पंखे फिरत नव्हते. "थंड असताना बंदच राहतात," तो म्हणाला. ते बरोबरच होतं. इथेच माझी चूक झाली. दहा मिनिटं कार्डावर ताण देऊन पंखे फिरवून बघा, असं मी म्हणायला हवं होतं. घरी जायची घाई होती, आभाळ भरून आलं होतं.

रविवारी बसवलं. यात घाबरण्यासारखं खरंच काही नाही. मेन स्विच बंद, वायर काढायची, पीसीचं बटण एकदा दाबून उरलेला करंट घालवायचा. आधी जुना एसएमपीएस त्याच्या सगळ्या वायरींसकट बाहेर. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, टोक बसतं पण आतल्या पिना वेगळ्या असू शकतात आणि काहीतरी जळतं. आठ पिनच्या दोन वायरी सारख्याच दिसतात. प्रोसेसरची चार-चारमध्ये सुटते, कार्डाची सहा आणि दोनमध्ये. मी वीस मिनिटं चुकीची वायर कार्डात घुसवायचा प्रयत्न करत होते. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची छोटी प्लास्टिकची खिटी दाबावी लागते, ती दिसत नाही. मी नवऱ्याला टॉर्च धरायला बसवलं आणि लाटण्यासोबत मिळालेल्या लाकडी उलथन्याच्या टोकानं दाबली. 'टक' असा आवाज आला तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग बघून मी एकटीच हसत बसले. मोकळ्या रस्त्यावर स्केलिंग २०० टक्के, साठ फ्रेम जागच्या हलत नव्हत्या, हुकलेल्या फ्रेम शून्य. शहरात तीच जुनी रडकथा, पन्नासच्या खाली. वहीत लिहिलेलंच होतं.

माझी सेटिंग्ज सांगते, कारण मला ती शोधायला तीन रात्री लागल्या. एन्कोडर एनव्हिडियाचा, म्हणजे एनव्हेंक, रेट कंट्रोल सीक्यूपी, आकडा २०. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. माझा सरासरी ४० मेगाबिट निघतो, म्हणजे सेकंदाला पाच एमबी, तासाला अठरा जीबी. एवढं साध्या हार्ड डिस्कलाही सहज झेपतं, त्यासाठी नवी एसएसडी घेऊ नका. फाइल एमकेव्हीमध्ये साठवा. मध्येच लाइट गेली तर साधी एमपी४ फाइल आख्खी वाया जाऊ शकते, एमकेव्ही तिथपर्यंत शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच फाइल मेन्यूतून रीमक्स केलं की दोन मिनिटांत एमपी४. आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, खेळाचा एक, माइकचा दुसरा.

त्या दुसऱ्या ट्रॅकनंच घोळ उघडकीला आणला. बुधवारी रात्री नुसता माइकचा ट्रॅक लावला, तर माझ्या आवाजाखाली टर्रर्र. पंधरा-वीस सेकंद, मग गायब, मग पुन्हा. आधी वाटलं छताचा पंखा. तो बंद केला. फ्रीज बंद केला. मग आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून कार्डाचे पंखे हातानं फिरवले. ४० टक्क्यांवर शांत. ५५ ते ६२ च्या मध्ये टर्रर्र. ७० वर पुन्हा नुसती हवा. पत्त्यांचं पान सायकलच्या चाकात अडकवायचो ना लहानपणी, तसा आवाज. खेळताना कार्ड नेमकं त्याच पट्ट्यात राहायचं. या आरटीएक्स कार्डांवर ओबीएसमध्ये एनव्हिडियाचा आवाज गाळणारा फिल्टर चालतो, तो लावून बघितला. टर्रर्र गेली, पण वाक्याच्या शेवटी माझा आवाजही थोडा खाल्ला गेला. चार दिवसांच्या नव्या कार्डावर असं पांघरूण घालायला मन तयार होईना.

सात दिवसांची मुदत. शुक्रवारी २० तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आमच्या ऑफिसातून कोणी चहालाही बाहेर पडत नाही. २१ ला, सातव्या दिवशी, दुकानात पोचले. मोबाइलवर आवाज ऐकवला. रस्त्यावरच्या गोंगाटात त्याला काही ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. "फॅनचा आवाज डिफेक्टमध्ये धरत नाहीत, मॅडम. नॉर्मल आहे. आणि बारा जीबीचा स्टॉक पण संपलाय. तुम्ही सर्व्हिस सेंटरला टाका." भांडले नाही. पण त्यानं काय सांगितलं ते तिथेच उभं राहून त्यालाच व्हॉट्सॲप केलं, तारखेसकट, म्हणजे नोंद राहील. भाचा म्हणाला १९१५ ला फोन लाव. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर माहीत असू द्या. मी तो हाताशी ठेवला, लावायची वेळ आली नाही.

कार्डाच्या कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी तिकीट नंबर आणि पत्ता आला, तुर्भे एमआयडीसी. निघण्यापूर्वी कार्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, सीरियल नंबर, सोनेरी पट्टी आणि चारही कोपरे. हे कराच. २८ जूनला शनिवारी तिथे टोकन अकरावं होतं आणि आधीच्या एका मुलाच्या जॉबशीटवर 'कोपरा दबलेला' असं लिहिलं गेलं म्हणून वाद चालला होता. बाह्य इजा लिहिली की वॉरंटी अडकते.

माझा नंबर आल्यावर काउंटरवरचा म्हणाला, "डिस्प्ले येतोय ना? मग नो फॉल्ट लिहून परत येईल." मी चाळीस सेकंदांची क्लिप पुढे केली, हेडफोनसकट, आणि कागदावर लिहिलेलं: ५५ ते ६२ टक्के. त्यानं आतून इंजिनिअरला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं कार्ड टेबलावरच्या उघड्या बोर्डात लावलं, पंखा साठावर आणला आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "एसी बंद कर जरा." मग माझ्याच जॉबशीटची सुरळी केली, एक टोक पंख्याच्या मधोमध धरलं, दुसरं कानाला. डॉक्टर जुन्या काळी तपासायचे तसं. आधी डावा पंखा, मग उजवा. उजव्यावर थांबला. सुरळी माझ्या हातात दिली, "ऐका."

सुरळीतून तो आवाज इतका स्वच्छ आला की मला बरंच वाटलं. दहा दिवस नवऱ्यासकट सगळे म्हणत होते की तुला भास होतोय.

सुरळी उलगडून, हातानं सरळ करून त्यानं त्यावर लिहिलं, 'उजवा फॅन, बेअरिंग नॉइज, कन्फर्म्ड'. पार्ट मागवायला दहा ते पंधरा वर्किंग डेज. मी जॉबशीट खालपर्यंत वाचली, 'फिजिकल कंडिशन ओके' आहे ना बघितलं, मगच सही केली.

मधले दिवस १६५० परत लावलं. मेसेज आला १८ जुलैला, मोजले तर बरोबर पंधरावा वर्किंग डे. पण पुन्हा २० तारीख तोंडावर, त्यामुळे जायला २६ उजाडली. २६ जुलै म्हटल्यावर आईनं फोनवर जाऊ नको म्हणून सांगितलं, २००५ साली ती रात्रभर कळव्याला अडकली होती. कार्ड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर टॉवेल गुंडाळून आणलं. तेच कार्ड, तोच सीरियल नंबर, पंखे नवे. वॉरंटी मूळ बिलाच्या तारखेपासूनच चालू राहते, वाढत नाही. काउंटरवर पंखा साठावर फिरवून घेतला, या वेळी सुरळी मी घरून नेली होती.

हिशेब असा. कार्ड २४,५००, एसएमपीएस ४,४००, लोकल-रिक्षा मिळून सहाशेच्या आसपास. १६५० भाच्याच्या मित्राला ५,००० ला दिलं, बिलासकट, आणि चालवून दाखवून. भिशीतले उरले त्यातून जाऊबाईंना साबुदाणा वडा खिलवला, पार्ट बदलून झाला म्हणून.

त्या रात्री पुन्हा रॉटरडॅम ते प्राग. बाहेर पाऊस, माइकच्या ट्रॅकवर पाऊस, आणि पावणेअकराला शेजारच्या वहिनींच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या मी ठेवल्या.

रविवारी दुपारी बाबांसाठी टीव्हीवर लावलं. गाडी तेल ओतल्यासारखी चालली होती. ड्रेस्डेनच्या अलीकडचा तो लांब उतार आला, एकही फ्रेम हुकली नाही, तारा एकदम रेखीव. बाबा दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"क्लच जमला आता," म्हणाले. मग पुढे झुकून, "पण उताराला न्यूट्रल करतेस. डेपोत असतीस तर मेमो मिळाला असता."